वीस मिनिटं

तीन बोटं. भोकावर नाही,
भोकाच्या दोन बोटं वर.
कातडी एका जागी टोचलेली असते
आणि धमनी त्याच्या जरा वर, आत,
हे माझ्या हातात उतरायला एक अख्खी रात्रपाळी लागली होती
आणि ऑर्फिलिया बाईंच्या बऱ्याच शिव्या.

नळी ओढली. क्षणभर गरम, ओलं.
मग दाबलं, खालचं हाड लागेपर्यंत.
'खोकायचं नाही, मान उचलायची नाही, पाय वाकवायचा नाही.
वीस मिनिटं तुम्ही माझे.'
अदेमार सिल्वेरा, वय एकाहत्तर, फ्राय बेंतोसहून आलेले,
म्हणाले, 'हळू बोल, बायको बाहेरच बसलीय.'

घड्याळाकडे बघू नये म्हणून मी बोलत राहते.
त्यांनीच विचारलं, काय आहे गं तिथे?

खुब्याच्या टोकापासून मधल्या हाडापर्यंत
एक पट्टा आहे, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला.
पायाला जायचं ते बरंचसं त्याच्याखालून वाकून जातं.
सगळ्यात बाहेर चेतातंतू. तो वेगळा राहतो.
उतरला की लगेच उसवतो, सुंभ सुटावा तसा:
कुणी गुडघा ताठ करायला, कुणी मांडीला ऊन लागतंय हे सांगायला,
आणि एक बारीक, हट्टी, थेट घोट्यापर्यंत.
मग धमनी, जी आत्ता मला ढकलते आहे.
तिला खेटून शीर. दोघी एका म्यानात,
एक उडणारी, एक गप्प.
शिरेच्या आतल्या अंगाला थोडी जागा मोकळी,
शीर कधी फुगली तर सरकून बसायला.
आणि तिथल्याच त्या गाठी,
पायात काटा मोडला की अवधाण येतं त्या.

'गाईचंही असंच,' ते म्हणाले.
'फक्त आमची उलटी टांगलेली असायची.'

हाडं काढायच्या रांगेवर होते, आठ वर्षं.
छताकडे बघत त्यांनी हवेत एक रेघ ओढली,
मनगटाच्या एका वळणात, आणि मला दिसली
अख्खी मांडी, सुटी झालेली.

सुरी आपल्याकडे ओढायची असते, त्यांनी सांगितलं.
म्हणून चामड्याचं ओचं लागतं.
एलादियोच्या ओच्याचा बंद त्या सकाळी तुटला होता.
तो म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत बांधतो.

मी बोटांचा जोर कमी केला नाही.

'ओरडलासुद्धा नाही. खाली बघितलं फक्त,
कुणीतरी पाणी सांडल्यासारखं.
आम्ही पट्टा आवळला, गुडघ्याच्या वर.'
थांबले.
'गुडघ्याच्या वर म्हणजे जखमेच्या खाली.
बारा जण होतो गं. बारा.
ती नळी कुठून जाते ते गाईत
डोळे मिटून दाखवलं असतं आमच्यातल्या कुणीही.
पण तो उभा होता.
आणि पँट घातलेली होती.'

किती वेळ लागला, मी विचारलं नाही.

'इथे दाबायचं होतं का?'

हो म्हणणं सोपं नव्हतं. नाही म्हणणं खोटं होतं.
नियमात बसत नाही, तरी त्यांचा डावा हात मी धरला,
आणि दुसऱ्या जांघेत, जिथे काही टोचलेलं नव्हतं,
बोटं ठेवायला लावली. अजून आत. आता हाडाकडे.
सापडली?
त्यांनी मान हलवली. मान हलवायची नव्हती.

नऊ मिनिटं उरली होती. दोघंही दाबून होतो,
मी उजवीकडे, ते डावीकडे.
मधेच एकदा ते हळू म्हणाले, 'किती वर आहे ही.'

मग बोटं उचलली. कोरडं. गाठ नाही.
पावलाच्या पाठीवर नाडी लागली, पाऊल गरम.
सहा तास पाय सरळ, मी सांगितलं,
आणि दार उघडलं. सेल्मिरा बाई
माटेचा थर्मास काखेत धरून आत आल्या.
'एवढा वेळ काय बोलत होतात?'

'गाईंबद्दल,' ते म्हणाले.
हात अजून चादरीखालीच होता.